मावशी, जोतं दिसू द्या

घरकुल मागणाऱ्याकडे यंत्रावर चालणारी मासेमारीची बोट नसावी, अशी प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेची अट कित्येक वर्षं होती. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाने ती इमानेइतबारे पाळली. इथल्या एसटी थांब्यावर एकही बोट लागलेली कुणी पाहिली नाही.

घात केला तो फटफटीने. सेकंड हँड फटफटी दारात उभी राहिली की गडी श्रीमंत. सासऱ्याने लग्नात फ्रीज दिला की जावयाचं घरकुल गेलं. २०२४ साली दिल्लीला पाझर फुटला, १३ अटींच्या १० झाल्या. फटफटी, फ्रीज आणि बोट एका दमात माफ! महिन्याला १० हजारांऐवजी १५ हजार कमावणाराही आता गरिबात बसतो.

घराचं माप मात्र किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, चुलीच्या जागेसकट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची खोलीही आधी एवढीच होती. २०१८च्या नियमावलीत ती ३०० फुटांची झाली. जागा जिथे सोन्याच्या भावाने विकते तिथे गरिबाला ३१ फूट जास्त, आणि जिथे नजर पोचेल तिथवर रान, तिथे कमी. या ३१ फुटांवर कुणीतरी पीएच.डी. करावी. अर्थात रान दिसतं म्हणून ते आपलं नसतं. जागेचा पुरावा म्हणून बहुधा नमुना आठ मागतात. म्हणजे घर हवं तर आधी घराचा उतारा आणा.

तोही जमला, की केंद्राने २०१६ साली ठरवलेले १ लाख २० हजार हप्त्याहप्त्याने येतात. प्रत्येक हप्त्याआधी फोटो. मावशी डोक्यावरचा पदर सावरून उभ्या राहतात आणि मोबाईलवाला म्हणतो, "मावशी, सरका जराशा, जोतं दिसू द्या." आयुष्यातला पहिला सरकारी फोटो, त्यातही जोत्याचा मान मोठा.

घरांच्या प्रश्नाचा अभ्यास कमी पडला असं कुणी म्हणू नये. २०१२ साली अमिताभ कुंडू यांच्या तांत्रिक गटाने शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरं कमी असल्याचं सांगितलं. तुटवड्याचा ९५ टक्क्यांहून जास्त वाटा अत्यल्प आणि अल्प उत्पन्नवाल्यांचा. त्याच्या वर्षभर आधीच्या जनगणनेत शहरांतली १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी निघाली. दोन्ही आकडे सरकारच्याच घरचे. पण पत्रिका जुळली नसावी, लग्न काही लागलं नाही.

या रिकाम्या घरांची राखण कोण करतं? पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपलीच पोरं. रात्री कुलपं सांभाळायची, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायचं. इकडे घरकुलाच्या यादीत त्यांच्या नावापुढे शेरा पडतो: स्थलांतरित, नाव वगळले.

तेव्हा विषमतेच्या अभ्यासकांनो, पिंपळगावात या, चहा घ्या. भिंती मात्र पुन्हा मोजू नका, त्या आमच्या पाठ आहेत. घरकुलाचाच फॉर्म घेऊन त्या कुलूपबंद फ्लॅटांच्या मालकांकडे जा आणि विचारा: साहेब, आधीची घरं किती? आणि कर्जाचा हप्ता सुटावा म्हणून बाईसाहेबांना जोत्याशेजारी कितीदा उभं केलं?