शिट्टी हे एकक मानून

मुलांना स्वयंपाकातून विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या पालकांनी सर्वप्रथम ज्यांच्या ताब्यात स्वयंपाकघर आहे त्यांची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी परवानगी चालत नाही. पहिली वाटी सांडताच ती रद्द होते. उपक्रमासाठी रविवारची सकाळ निवडू नये (पोहे), रविवारची दुपार निवडू नये (मटण किंवा वामकुक्षी, घराण्याच्या रीतीप्रमाणे), आणि भांड्यांच्या मावशींची सुट्टी असेल तो दिवस तर मुळीच निवडू नये. उरलेल्या वेळात मूल क्लासला असते. या अडचणीवर अद्याप उपाय सापडलेला नाही, तरी पुढे जाऊ.

साहित्य : मूल, एक नग, इयत्ता चौथी ते आठवी. त्याहून लहान मूल साहित्य खाऊन टाकते आणि त्याहून मोठे मूल हाक मारल्यावर ‘आलो’ म्हणते. शिवाय एक जर्नल. त्यात उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने आखावेत. शाळा-कॉलेजांतून अनुमान आधी लिहायचे आणि रीडिंग मागाहून जुळवायचे अशी थोर परंपरा आहे. लंबक कसाही हेलकावला तरी गुरुत्वत्वरण ९.८ च येते. स्वयंपाकघरात ही सोय नाही. दही लागले नाही तर ते लागल्याचे जर्नलमध्ये लिहिता येते, पण कोशिंबिरीत घालता येत नाही. पालकांनी या धक्क्याची मानसिक तयारी ठेवावी.

विज्ञानाची सुरुवात मोजमापाने होते आणि इथेच पहिला खटका उडतो. मुलाच्या हाती वजनकाटा द्यावा आणि त्याला आजीची मुलाखत घ्यायला लावावी. ‘आजी, साखर किती?’ ‘बेताची.’ ‘मीठ?’ ‘चवीपुरतं.’ ‘रस्सा किती ठेवायचा?’ ‘अंगाबरोबर.’ ही उत्तरे जशीच्या तशी नोंदवावीत. तुच्छतेने हसू नये, कारण पुढच्याच प्रश्नाला हसणाऱ्याची पंचाईत होते. भाताला ‘एकाला दोन’ पाणी सांगितले की वाटी कुणाच्या घरची, असे आजवर कुणी विचारलेले नाही. विचारायची गरजच नाही, गुणोत्तराला एकक लागत नाही. सहावीच्या गणितात जे चार तास शिकवून डोक्यात शिरत नाही ते इथे दोन शब्दांत आटपलेले असते.

यावर खूश होऊन पालकांनी श्रावणी सोमवारी पंधरा माणसांचा भात त्याच गुणोत्तराने लावू नये. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या पटीत वाढते. पातेल्यातून वाफ होऊन उडते ते पाणी मात्र तोंडाच्या रुंदीवर आणि वेळेवर ठरते, माणसांच्या संख्येवर नव्हे. परिणामी भाताचा गिचगोळा होतो. झालाच, तर त्याला ‘रेषीय संबंधाच्या मर्यादा’ असे शीर्षक देऊन वाढावा.

आता मुख्य प्रयोगाकडे वळू. मराठी घरात काळाचे एकक मिनिट नसून शिट्टी आहे. तूरडाळ चार शिट्ट्या, बटाटे तीन, राजमा ‘होऊ देत’. शिट्टी किती सेकंदांची हे मात्र कुठेही लिहून ठेवलेले नाही. मुलाला घड्याळ देऊन कुकरपासून सुरक्षित अंतरावर बसवावे आणि दोन शिट्ट्यांमधला काळ आधी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर मोजायला सांगावे. दोन आकडे एकमेकांच्या ओळखीचेही निघणार नाहीत.

कारण असे. कुकरवरचे वजन आतल्या वाफेला अडवते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट झाला की वाफ वजनाला उचलते आणि बाहेर पडते. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. पण एकदा वजन उचलले गेले की आच कितीही मोठी केली तरी आतले तापमान तिथेच राहते. वरची उष्णता शिट्टी होऊन स्वयंपाकघरात फिरते. सारांश, शिट्टी हे डाळ शिजल्याचे माप नसून गॅस वाया गेल्याचे माप आहे. डेनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ मध्ये असले पहिले भांडे केले तेव्हा त्याला हाडे मऊ करायची होती. सेफ्टी व्हॉल्व्हही त्याचाच. शिट्ट्या मोजायची पद्धत मात्र त्याची नव्हे.

हे अनुमान मुलाने स्वतः आजीला वाचून दाखवावे. पालकांनी त्या वेळी गॅलरीत असावे. ‘मग पहिल्या शिट्टीनंतर मी गॅस बारीक करते तो उगीच होय रे?’ असा प्रश्न येईल. तो ‘संदर्भ साहित्य’ या रकान्यात नोंदवावा.

दह्याचा प्रयोग रात्रीचा असल्याने त्याला घरात कमी विरोध होतो. चार वाट्या घ्याव्यात. पहिलीत बोटाला सोसेल इतके कोमट दूध, दुसरीत नुकते उकळलेले, तिसरीत फ्रिजमधले. तिघींत सारखेच विरजण. चौथीत कोमट दूधच, पण विरजण नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एक वाटी तुलनेला कोरी ठेवायची, या दोन नियमांवर अर्धे विज्ञान उभे आहे. उरलेले अर्धे, ती कोरी वाटी सकाळपर्यंत टिकवण्यावर. प्रत्येक घरात पहाटे उठून चहा टाकणारी एक व्यक्ती असते आणि तिला ओट्यावर झाकलेले दूध दिसते. ‘वाया जात होतं’ असे तिचे म्हणणे असते. पुढच्या वेळी वाटीवर चिठ्ठी चिकटवावी. उपयोग होत नाही, पण पद्धतशीरपणा दिसतो.

बाकी तीन वाट्यांचे निकाल ठरलेले: कोमट दुधात विरजणातले जिवाणू सुखाने राहतात, दुधातल्या शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात, आम्ल वाढले की दुधातली केसीन नावाची प्रथिने एकमेकांत गुंतून दही धरतात. कढत दुधात जिवाणू मरतात. गारात ते झोपून राहतात. धोका मुलाकडून असतो. ते रात्री उठून वाटी हलवून बघते आणि अर्धवट लागलेल्या दह्याला पाणी सुटते. निरीक्षकाच्या ढवळाढवळीने निरीक्षण बदलते, हे सांगायला पुंजभौतिकीपर्यंत जावे लागत नाही.

हळदीसाठी वेगळे साहित्य नको. मुलाच्या पांढऱ्या शर्टावर बटाट्याच्या भाजीचा डाग असतोच. त्यावर साबण लावावा. डाग लाल होतो. साबण अल्कधर्मी, हळदीतले कर्क्युमिन अल्काने लाल होणारे. हळदीचे कुंकू करताना चुन्याची निवळी वापरतात तीही यासाठीच. मग शर्ट उन्हात घालावा. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, डाग फिका पडतो. शाळेतल्या लिटमसला आता कमीपणा वाटायला नको म्हणून सांगतो, तेही काही जातींच्या लायकेनपासून काढतात आणि गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही एक लायकेनच. जात मात्र वेगळी, तेव्हा मसाल्याच्या डब्यातून लिटमस काढायला निघू नये.

सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी करू नये. तो प्रत्येक शालेय प्रदर्शनात तीन टेबले अडवून बसलेला असतो आणि त्याच्यामागे मुलाचे बाबा घामाघूम उभे असतात. हीच रासायनिक क्रिया ढोकळ्यात होते, तोच कार्बन डायऑक्साइड निघतो. पण ढोकळ्याला बक्षीस मिळत नाही, परीक्षक तो खाऊन टाकतात. शिवाय आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी शंकूच्या शेंड्यातून उसळून नव्हे, तर मुख्यत्वे जमिनीच्या लांबलचक भेगांतून पसरत आला. महाराष्ट्रातल्या मुलाला लाव्हाच दाखवायचा असेल तर माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढावा. तो बहुधा त्याच खडकाचा असतो. पाठीची काळजी घ्यावी.

घावन घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडतात तेव्हा मुलाला जवळ बोलवावे, फार जवळ नको. बेताच्या तव्यावर थेंब चर्र करून नाहीसा होतो. तवा आणखी कडक तापला की तोच थेंब गोटीसारखा तव्यावर पळत सुटतो आणि जास्त वेळ टिकतो. तवा जास्त गरम, थेंब जास्त दीर्घायुषी! थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि ती तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहून ठेवले. मुलाला हा प्रयोग इतका आवडतो की घावन राहतात बाजूला आणि तवा पुन्हा पुन्हा तापवला जातो. इथे पालकांनी एकच करायचे असते : बोलायचे नाही. ते जमत नाही.

फोडणी फक्त लांबून दाखवावी. मोहरीच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते, टरफल फुटते, तडतड. हळद शेवटी, कारण ती लगेच करपते. तेल हा मुलांचा विषय नाही, यात विनोद नाही.

शेवटी पाक. साखर आणि पाणी उकळत ठेवले की पाणी उडत जाते, पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. एकतारीच्या आसपास तो १०५ अंश ओलांडतो, गोळीबंद होईपर्यंत ११५ च्या घरात जातो. म्हणजे बोटांमधली तार ही खरे तर तापमापी आहे. थेंब आधी ताटलीत निववून मगच बोटे लावावीत. पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि चिकटून बसतो. त्यात लिंबाचे चार थेंब घालतात ते चवीसाठी नव्हे. आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि त्यांच्या गर्दीत साखरेला पुन्हा खडे धरता येत नाहीत. हे सगळे मुलाला सांगेपर्यंत एकतारी पाक दोनतारी होतो. दोनतारीचे स्पष्टीकरण सुरू करावे, तोवर गोळी होते. गोळीला पाणी घालून मागे फिरता येते, हा परिवर्तनीय बदल. त्याचे स्पष्टीकरण मात्र देऊ नये. दिल्यास पाक तपकिरी होतो, मग काळा, आणि तो बदल परिवर्तनीय नाही.

एव्हाना मूल खाली खेळायला गेलेले असते. जर्नल ओट्यावर उघडे, त्यावर ताकाचा डाग. मावशींचा उद्या येत नसल्याचा निरोप आलेला. पातेल्यात तळाला चिकटलेला पाक तांबूसच असेल तर पाणी घालून उकळावे, साखर विरघळून सुटून येते. काळा झाला असेल तर त्याचा कोळसा झाला आहे आणि कोळसा पाण्यात विरघळत नाही. तारेची घासणी घ्यावी. दुधाचे पातेले निराळे भिजत घालावे, त्यात प्रथिने करपली आहेत, ती खरवडूनच निघतात. चार वाट्या, तवा, कुकर, त्याचे दोन डबे आणि ताटली एवढे उरते. कुकरची रिंग वेगळी काढून धुवावी.