आक्का, जिभाऊ आणि पांझरेची पाखरं

“कथा चालनात जिभाऊ, गळामा दुर्बीण टाकीसन?”

आक्कांनी भिंतीपलीकडून हटकलंच. हातात सूप, शेंगदाणे पाखडणं चालू. पण गल्लीतून कोण जातंय यावर नजर चोख. म्हटलं, पांझरा नदीवर. आज 5 नोव्हेंबर, वनलेखक मारुती चितमपल्लींची जयंती. इथून 12 तारखेपर्यंत, म्हणजे पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जयंतीपर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो.

“काय ठेयेल शे तठे? पाणी कमी, पन्न्या जास्त.”

प्लास्टिकच्या पन्न्यांचं खरंच आहे, त्यावर आक्कांशी वाद नाही. पण त्या पन्न्यांच्या पलीकडे, उथळ पाण्यात, शेकाट्या उभा असतो. लालभडक काटकुळे पाय, अंग काळं-पांढरं, आणि चालणं असं, की नव्या जरीचा काठ भिजू नये म्हणून जपून चाललाय. काठावर धोबी शेपटी वरखाली करत किडे टिपतो. तो आत्ता थंडीपुरता उत्तरेकडून आलेला. भोरड्या तर त्याच्याही आधी पोचल्या, थेट मध्य आशियातून. ज्वारीवर उतरल्या की शेतकरी शिव्या घालतो, मात्र टोळ-नाकतोडे फस्त करतात तेव्हा कोणी नाव काढत नाही. बदकं पाहायची तर डिसेंबरात नकाणे तलाव गाठावा. जळगावकरांना मेहरूण आहे, आणि हतनूरच्या धरणावर तर ती हजारोंनी उतरतात.

“आन् उन्हाळामा? ४४ डिग्रीमा कोन येस आठे?”

तांबट येतो की! म्हणजे तो इथलाच, वर्षभराचा. पण भर दुपारी पिंपळात बसून टुक-टुक ठोकत राहतो तेव्हाच आपल्याला कळतो. पुढे पावशा ओरडायला लागला की बियाण्याच्या दुकानात गर्दी. चातकही पावसाच्या तोंडावरच. श्रावणात काठच्या बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबतात. विणतो नर, बरं का. मादी येऊन तपासते आणि नापसंत असेल तर सरळ निघून जाते.

“शहानी शे,” आक्का म्हणाल्या. सूप बाजूला ठेवलं गेलं. मग मी चोरीची गोष्ट काढली.

आपल्या खान्देशात 1880च्या सुमारास जेम्स डेव्हिडसन नावाचा ब्रिटिश अधिकारी होता. त्याने इथे रानपिंगळे, म्हणजे छोटी घुबडं, मारून त्यांचे नमुने जमवले; ते पुढे लंडनच्या संग्रहालयात पोचले. पुढे शतकभर तो पिंगळा कोणाला दिसलाच नाही. मधल्या काळात कर्नल माइनर्ट्‌झहागन या पक्षीशास्त्रातल्या बड्या असामीने त्या संग्रहालयातला एक नमुना चोरला, नव्याने शिवला आणि वर चिठ्ठी लावली: 1914, मांडवी, गुजरात. झालं! शोधणारे भलतीकडेच शोधत बसले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी ती लबाडी उघडी पाडली, जुन्या खऱ्या नोंदी धरून त्या इकडे आल्या आणि नोव्हेंबर 1997मध्ये शहाद्याजवळ सातपुड्यात रानपिंगळा समोर बसलेला! तेव्हा शहादा आपल्या धुळे जिल्ह्यातच. नंदुरबार वेगळा झाला 1998मध्ये.

“चोट्टा मेला,” आक्कांनी कर्नलचा निकाल लावला. “मंग आपला नदीवर दिसी का तो?”

नाही दिसणार. तो जंगलातला. नदीवर आपले शेकाटे, वंचक, टिटव्या, खंड्या. पण एका खोट्या चिठ्ठीने इतकी वर्षं घोळ घातला म्हटल्यावर, साध्या पाखराची खरी नोंदही मोलाची ठरते. तेव्हा आक्का, भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकटीत लिहीत चला: काय दिसलं, कुठे दिसलं. आणि नक्की ओळखलं नसेल, तर नाव लिहू नका.