मधोमध काका

आमचे काका पुण्यात वर्षाला तीनदा गोल्फ खेळतात आणि उरलेले दिवस त्यावर बोलतात. धोरण एकच: मधोमध मारायचा. बँकेतली ३४ वर्षं याच धोरणावर निघाली, एकही चौकशी लागली नाही.

मुलगी एडिंबरोला, म्हणून स्कॉटलंड. सोडतीत नाव निघालं, म्हणून सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. पहिल्या टीवर उभं राहून काका म्हणाले, "हे तर गायरान आहे रे!" १९४६ मध्ये आगगाडीतून पाहताना गोल्फपटू सॅम स्नीडलाही ते ओसाड पडलेलं मैदान वाटलं होतं, मग त्याच मैदानावर तो ओपन स्पर्धा जिंकला. काकांनी यातला पहिला भाग तंतोतंत पार पाडला.

झाड नाही, तळं नाही. घाबरायचं तरी कशाला? बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, ११२, पण बरेचसे उंचवट्यांआड दडलेले. कॅडी म्हणायचा, "सर, उजवीकडे काटेरी झुडपांच्या कडेने मारा, तिथून ग्रीन मोकळं मिळतं." काका माझ्याकडे वळायचे. "डावीकडे एवढी ऐसपैस जागा सोडून काट्यात कोण जातं?"

बाराव्या होलला काकांनी आयुष्यातला सर्वोत्तम फटका मारला. मधोमध. चेंडू दिसेनासा झाला. जाऊन बघतो तर गवताच्या थरांची भिंत रचलेला खड्डा. आत काका, वर फक्त टोपी. चार फटक्यांनी दोघंही बाहेर आले.

"याला आधी सांगायला काय झालं होतं?"

"काका, सांगितलं होतं त्याने."

"जोर देऊन नाही सांगितलं."

मला काकांची बाजू थोडी पटते. समोर तळं असलं की निदान आपण कशात बुडालो ते कळतं. हे मैदान म्हणजे सासर. खाचाखोचा कळायला वर्षं जातात, आणि काका दुपारपुरते पाहुणे. गोल्फपटू बॉबी जोन्सनेसुद्धा १९२१ मध्ये इथे अकराव्या होलला वैतागून चेंडू उचलला होता. तो सहा वर्षांनी येऊन जिंकला. काकांचा व्हिसा सहा महिन्यांचा.

दुसऱ्या दिवशी रविवार, खेळ बंद. गावकरी कुत्री घेऊन मैदानात फिरतात. काकाही निघाले, हात मागे बांधून, उलट्या दिशेने. पूर्वी हा कोर्स उलटाही खेळत. बाराव्याच्या ग्रीनवर थांबून त्यांनी टीकडे पाहिलं आणि ते ओरडले, "अरे, इथून सगळे खड्डे दिसतायत की!"

कालच्या खड्ड्यात एक कुत्रं उतरलं होतं. एका उडीत बाहेर आलं.