प्रोसेसरचे तपासनीस

ज्यांनी उमेदीची सारी वर्षे भूमी अभिलेख, विक्रीकर किंवा लेखापरीक्षण अशा खात्यांत काढली आणि शहानिशा केल्यावाचून सख्ख्या भावाच्या सहीवरही विश्वास ठेवावयाचा नाही हे व्रत अंगी बाणवले, अशा गृहस्थांच्या दृष्टीस निवृत्तीनंतर संगणक पडू देऊ नये; कारण सातबाऱ्यांवरील खाडाखोड हुडकण्याचा जो अधिकार सरकारने वयोमानपरत्वे काढून घेतला, तो या यंत्रामुळे त्यांस तहहयात परत मिळतो. प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेत असे एक काका असतातच. पंखा का फिरत नाही याची त्यांना माहिती नसते, प्रिंटर दुरुस्त करणे ते कमीपणाचे मानतात. परंतु कोणाच्या संगणकात कोणता प्रोसेसर खरोखर बसवलेला आहे, या एकाच बाबीत त्यांचा शब्द अखेरचा असतो.

नव्या लॅपटॉपचे पेढे घेऊन शेजारचा चिरंजीव दारात उभा राहतो. काका पेढा हातातच ठेवून विचारतात, “प्रोसेसर कोणता?”

“आय-सेव्हन, काका!”

“ते झालं आडनाव. पूर्ण नाव सांग.”

चिरंजीव कळफलकाशेजारच्या चकचकीत लेबलाकडे बोट दाखवतो. इंटेल कंपनीने १९९१ साली ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम काढून संगणकांवर ही लेबले चिकटविण्याचा प्रघात पाडला, तेव्हापासून सामान्य माणूस त्यांस राजमुद्रेचा मान देत आला आहे; काका मात्र लेबलास ‘अर्जदाराचे स्वतःचे म्हणणे’ यापलीकडे किंमत देत नाहीत. ते नखाने त्याचा कोपरा किंचित उचलून पाहतात, चष्मा कपाळावर सारतात आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडतात. तेथील ‘परफॉर्मन्स’च्या पानावर पूर्ण नाव निघते : कोअर आय-सेव्हन ७५००-यू. कोअर दोन. बँकेने दिलेल्या गतवर्षीच्या डायरीत ही नोंद करून काका सावकाश उच्चारतात, “सेकंडहँड घेतलास ना? अरे, पुढच्याच वर्षी, २०१७ साली आलेल्या आय-फाइव्ह ८२५०-यूला चार कोअर आहेत. मधल्या सात आणि पाचांना भुलू नये, पुढचा आकडा वाचावा. आणि शेवटचा ‘यू’ म्हणजे वीज जपून खाणारा, हे तुला कोणी सांगितलं नाही?” एवढे झाल्यावर मग पेढा तोंडात जातो. चिरंजिवाच्या तोंडाची चव तोवर गेलेली असते.

येथवरची तपासणी प्राथमिक होय. यंत्र अनोळखी दुकानातून आले असेल, तर काकांची उलटतपासणी सुरू होते, कारण पडद्यावरचा मजकूर ही त्यांच्या मते केवळ जबानी आणि जबानी पढवता येते. हे त्यांचे म्हणणे निराधार नाही. विंडोजच्या रजिस्ट्री नामक दफ्तरात प्रोसेसरचे नाव लिहिलेले असते. ते हाताने बदलले, की ‘सिस्टिम’च्या पानावर सेलेरॉनचा आय-नाइन झालेला दिसतो. मात्र यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, म्हणजे विंडोज प्रोसेसरलाच नव्याने नाव विचारते आणि तोतयेगिरी उघडी पडते. त्यापुढचा पुरावा म्हणून काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह असतो व त्यात सीपीयू-झेड हा चिमुकला प्रोग्रॅम. तो प्रोसेसरचे कूळ, मॉडेल, कोअर आणि कॅश यांचा तपशील काढून देतो. काही प्रोसेसरांत नावाची ओळदेखील बायोसकडून भरली जाते, हे ठाऊक असल्यामुळे काका नावापेक्षा कॅशच्या आकड्यावर अधिक भिस्त ठेवतात.

डेस्कटॉप असेल तर विचारूच नये. पंखा उतरवून, प्रोसेसरच्या पाठीवरचा करडा लेप जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून, भिंगाखाली धातूवर कोरलेली अक्षरे वाचताना काकांच्या मुखावर जी प्रसन्नता विलसते, ती नातवाच्या बारशालाही कोणी पाहिलेली नाही. त्या अक्षरांवरही त्यांचा पुरता विश्वास नसतो, ही गोष्ट निराळी. गत शतकाच्या अखेरीस कमी वेगाच्या पेंटियमवरील खुणा खोडून जास्त वेगाच्या छापणारे महाभाग होऊन गेले, हे ते जाणून आहेत. एएमडी कंपनीचा २००१ सालचा अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ प्रत्यक्षात १५३३ मेगाहर्ट्झवर चालत असे. तो आकडा कामगिरीची तुलना दाखवणारा असल्याचे कंपनीने उघडपणे जाहीर केले होते, तरी काकांनी तिला अद्याप क्षमा केलेली नाही.

आणि स्वतः काका आपल्या संगणकावर काय करतात? संस्थेच्या सभेचा वृत्तान्त टंकतात. तेवढ्या वेळात त्यांचा प्रोसेसर जवळजवळ निद्रिस्तच असतो, आणि तसा तो असल्याचेही ते टास्क मॅनेजरमध्ये अधूनमधून पाहून घेतात. प्रोसेसर वापरावयाची वस्तू आहे, ही कल्पना त्यांना फारशी मानवत नाही. वापराने पुराव्यात घालमेल होते.

माझ्या मते अशा गृहस्थांस नव्या खरेदीच्या आनंदापासून चार हात दूर ठेवावे. परंतु लॅमिंग्टन रोडवर जुने यंत्र घ्यावयास निघाला असाल, तर त्यांना आग्रहाने सोबत न्यावे. मेहनताना ते घेत नाहीत, चहा मात्र दोनदा लागतो. आणि काका उपलब्ध नसतील, तर रक्कम चुकती करण्यापूर्वी दुकानदारास एवढेच सांगा, की यंत्र आपल्यासमोर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे.