मायबोमसाहेब, तेल थिजलंय

कै. डॉ. हाइनरिश मायबोम,
वैद्यकाचे प्राध्यापक, हेल्मश्टेट विद्यापीठ
(विद्यापीठ बंद होऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी पत्र पोचावं),
जर्मनी.

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पण आपलं नाव माझ्या चारही पापण्यांना लावलेलं आहे, असं परवा आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दुसऱ्याच्या जागेवर न विचारता नावाची पाटी ठोकायची रीत आमच्याकडे नगरसेवकांची. ते निदान खाली बसायला बाकडं तरी देतात.

चौकशी केली तेव्हा कळलं, की १६६६ साली आपण एका वैद्याला लॅटिनमध्ये पत्र लिहिलंत आणि पापण्यांतल्या या ग्रंथींचं वर्णन केलंत. म्हणून हे उत्तरही पत्रानेच. आमच्याकडे १६६६ म्हटलं की आग्र्याहून सुटका आठवते. महाराज सुटले. आपल्या ग्रंथींतलं तेल मात्र काही केल्या सुटायला तयार नाही, हीच तक्रार आहे.

मी मुद्रितशोधक. ‘डोळ्यात तेल घालून वाचा,’ असं पहिल्या नोकरीत संपादकांनी बजावलं होतं. चाळीस वर्षं मी याला वाक्प्रचार समजत होतो. तो निघाला शरीरशास्त्राचा नियम. अश्रूंच्या पातळ थरावर तेलाची साय असते, ती पाण्याला उडू देत नाही आणि ती पुरवण्याचं काम आपल्या नावाच्या ग्रंथींकडे आहे, हे मला साठीत कळलं. वरच्या पापणीत ३०-४०, खालच्या पापणीत २०-३०. एवढा मनुष्यबळाचा ताफा, आणि काम? आमच्या वॉर्ड ऑफिसइतकंच.

मी गेलो होतो ते डोळ्यांतून पाणी येतं म्हणून. बाईंनी निदान केलं: डोळे कोरडे. मी रुमालाने गालावरचे ओघळ पुसत ऐकून घेतलं. मग त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली, पाच मिनिटं. पट्टी भरपूर भिजली. त्यानंतर पिवळट रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं. पापणी न लववता दहा सेकंद तरी टिकायला हवा तो थर माझ्याकडे चौथ्या सेकंदालाच फाटला. म्हणजे हौदात पाणी आहे, वर झाकण नाही. पाणी उडतं, बुबुळ चुरचुरतं, मेंदू घाबरून टँकर पाठवतो, तो गालावरून वाहून जातो. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागलं नाही.

मग बाईंनी कापसाच्या बोळ्याने पापणीची कड दाबली आणि समोरच्या पडद्यावर मला दाखवली. साहेब, तिथून तेल यायला हवं होतं. आली टूथपेस्ट. पांढरी, घट्ट, आळस देत बाहेर पडणारी. जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही, तसं. ती बाटली आई उन्हात ठेवायची. पापणी उन्हात कशी ठेवणार?

तर शेक. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं, सोसवेल इतपत गरम, साधारण ४० अंश. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दुसऱ्या मिनिटाला गार पडतो, म्हणून स्वच्छ सुती मोज्यात तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा. घरात इंद्रायणी होता. मोजा तापला की घरभर भाताचा दरवळ सुटतो, आणि पाणी डोळ्यांऐवजी तोंडाला येतं. त्यानंतर बोटाने पापणीची मालिश: वरची वरून खाली, खालची खालून वर. मग पापण्यांच्या केसांची मुळं ओल्या कापसाने पुसायची, कारण तिथे कोंडा धरतो, पापणीची कड लालबुंद होते, सकाळी चिपडांनी डोळा उघडत नाही आणि महिन्याआड एक रांजणवाडी उठते. हे किती दिवस करायचं, असं मी विचारलं. ‘दात किती दिवस घासता?’ बाई म्हणाल्या.

आपल्याला हे माहीत नसेल, पण माझ्या पापण्यांच्या मुळांशी कुळंही राहतात. डेमोडेक्स. आठ पायांचे, ०.३ मिलिमीटरचे, रात्री बाहेर पडणारे. थोडेफार सगळ्यांकडेच असतात, माझ्याकडे जरा जास्त झालेत. कुळकायद्याच्या भाषेत ‘कसेल त्याची पापणी’ असल्यामुळे पूर्ण बेदखल करता येत नाही, पुसून पुसून संख्या आटोक्यात ठेवायची.

आता आपल्या ग्रंथींच्या वतीने हितचिंतकांनी काय काय केलं तेही ऐका. शेजारच्या काकूंनी मध घालायला सांगितला. मेहुण्याने गुलाबपाणी आणलं. एका मित्राने माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, महागड्या. अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला होता. २०१८ साली निकाल आला: माशाचं तेल घेणाऱ्यांना जेवढा आराम पडला, जवळजवळ तेवढाच ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही. बांगडा खायला मला निमित्त लागत नाही, तेव्हा गोळ्या परत केल्या. पण सगळ्यांत गुणी निघाला तो औषधाच्या दुकानातला मुलगा. चिठ्ठीशिवाय एक बाटली दिली. दोन दिवसांत डोळे असे निवले, की मी त्याला दिवाळी अंक भेट द्यायचं ठरवलं. बाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्टिरॉइड. देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही. त्याऐवजी त्यांनी नुसत्या ओलाव्याचे थेंब दिले, तेही टिकवण्यासाठीचं रसायन नसलेले, कारण मला ते दिवसातून सहा-आठदा घालावे लागतात.

आणि हो, पापण्या लवणं. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या लववतो, पडद्यासमोर निम्म्याहून कमी, त्याही अर्धवट. पापणी पुरती मिटली की तेल दाबलं जातं आणि पसरतं. दिवाळी अंकांच्या हंगामात मी दहा-दहा तास फर्मे वाचतो, पाठीशी एसी, आणि कुठल्या अनुस्वारावर डोळा लवला तर तो निसटेल या भीतीने टक लावून. हे मात्र आपल्या ग्रंथींच्या खात्यावर मांडता येत नाही, एवढं मी मान्य करतो. बाकी तक्रार कायम.

आपण वैद्यकाबरोबर इतिहास आणि काव्यही शिकवत होता म्हणे. मग इतकं बेसूर नाव ग्रंथींना कसं पडू दिलंत? आमच्या घरात त्यांना आता ‘मायबाप ग्रंथी’ म्हणतात.

उत्तराची घाई नाही. मोजा तापलाय.

आपला,
एक पाटीधारक

ता. क. : शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील. शेवटचा भाग मी दहा मिनिटं डोळे मिटून सौ.ला सांगितला आहे, आणि तिच्या ऱ्हस्व-दीर्घाची हमी मी देत नाही.

(दहा नव्हे, चौथ्या मिनिटालाच मोजा काढून ठेवला आहे. आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतात. – सौ.)