मुलगा काय करतो?

आमच्या अन् आक्कांच्या अंगणात काटेरी तार आहे. तिच्यावर त्यांची गोधडी वाळते आणि खालून आमच्या कोंबड्या जातात. गप्पांना तर तार लागतच नाही.

"आक्का, पुतण्याचं जमता जमता मोडत होतं."

"आगं, काल पाव्हणे आल्ते ना?"

"आले, पोहे खाल्ले. मग पोरीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो? भाऊजी गप. पोरगंच म्हणालं, पिच्चर बघतो अन् त्यावर लिहितो."

"आत्ता गं बया! त्याचा पगार देत्यात?"

"तोच तर प्रश्न! मग त्यानं शिरीष कणेकरांचं नाव काढलं. 2023च्या जुलैत गेले बघा, ऐंशी वर्षांचे होऊन. बाप डॉक्टर, अन् हे पेपरात. नटनट्या, संगीतकार, कुणाला सोडलं नाही. लता अन् दिलीपकुमार म्हणजे मात्र जीव की प्राण. 'यादों की बारात' पुस्तक त्यांचंच. पुढं एकटेच स्टेजवर 'माझी फिल्लमबाजी' करायचे. पडदा नाही, नटी नाही. नुसतं बोलायचं अन् लोक तिकीट काढून हसायचे."

"म्हंजी आपुन हितं फुकट करतो त्येच की!"

"अगदी! अन् एका पुस्तकाचं नाव काय, तर 'डॉ. कणेकरांचा मुलगा'. जन्म पिच्चरात घातला, पण पाटी बापाचीच! दुसरे ते अरुण खोपकर. त्यांनी एकट्या गुरुदत्तवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार."

"पुरस्कारानं चूल पेटती व्हय? पोरीचा बाप काय म्हनला?"

"तो आपल्या शुक्रवारच्या बाजारातला म्हशींचा दलाल. म्हणाला, 'तू कधी पिच्चर काढलाय का?' पोरगं म्हणालं, नाही. 'मग बरा-वाईट तुला कसा कळतो?' सगळे गार. भाऊजी कपातली साय बोटानं बाजूला करत बसलेले. पोरगं हळूच म्हणालं, 'मामा, तुम्ही कास चाचपून म्हैस किती लिटरची ते सांगता. तुम्ही कधी दूध दिलंय का?'"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. गोधडी तारेवरून घसरून आमच्या बाजूला पडली, तरी भान नाही.

"मेलं वाह्यात! मंग?"

"मग काय, त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, पोराच्या हातावर टाकला, अन् बाजारात धरतो तशी खालून बोटं धरली."

"किती बोटं गं?"

"रुमालाखालचं मला कसं दिसणार, आक्का?"