बॅग भरण्याआधी शिरगावला या

तारापूर एमआयडीसीत बोनस झाला की बोईसरच्या दुकानांत नव्या ट्रॉली बॅगा बाहेर लटकू लागतात. अंदमानला जायचंय, लक्षद्वीपला जायचंय, मग यादी तयार होते. फुलाफुलांचा शर्ट, तीन जीन्स, गॉगल, प्रत्येक दिवसाला वेगळा ड्रेस, सेल्फी स्टिक. सगळं नवं, सगळं फोटोसाठी. उन्हासाठी, घामासाठी आणि खाऱ्या पाण्यासाठी त्या बॅगेत काहीही नसतं.

म्हणून सांगतो, खरेदीला निघण्याआधी एक दुपार शिरगावच्या किनाऱ्यावर काढा. पालघर स्टेशनहून सातपाटीच्या रस्त्याने रिक्षा मिळते. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, शिरगाव पावणेवीस अंशांच्या आसपास. म्हणजे आपण राहतो तेच उष्ण कटिबंधात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. ज्या हवेसाठी लोक दुकानदाराचा सल्ला विचारतात, त्या हवेत सातपाटी-शिरगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. त्यांच्या अंगावर काय आहे ते नीट बघा, यादी आपोआप तयार होईल.

मासळी सुकवणारी बाई साडीवर लांब बाह्यांचा जुना सुती शर्ट घालते आणि डोक्याला फडकं बांधते. उघड्या हातांनी उन्हात बसलेली एकही दिसणार नाही. होडीवरचा पोरगा खेळाडूंचे असतात तसा पातळ टी-शर्ट घालतो, लांब बाह्यांचा. लाटेने भिजला तरी वाऱ्यावर घटकाभरात सुकतो. जमिनीवर सुती, पाण्यात पातळ कृत्रिम धाग्याचं, इतकं सरळ गणित आहे. आणि आपण काय नेतो? जीन्स! दमट हवेत ती एकदा भिजली की दुसऱ्या दिवशीही शिवणीपाशी ओलीच असते. तिसऱ्या दिवशी तिला वास येतो, मांड्या सोलवटतात आणि उरलेला प्रवास पावडर लावण्यात जातो. तीन जीन्सच्या जागी दोन पातळ पॅन्टी, दोन लांब बाह्यांचे सदरे आणि एक पंचा ठेवा. पंचा अंग पुसतो, डोक्याला बांधता येतो, बोटीत गारठलेल्या पोराभोवती गुंडाळता येतो. जाड टॉवेल यातलं एकही काम धड करत नाही आणि अर्धी बॅग खातो.

सनस्क्रीन घ्या, पण डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचून घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाईने 2021 पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आणली. पलाऊ या चिमुकल्या देशाने तर त्याच्या वर्षभर आधीच तसली क्रीमं बंद केली. प्रवाळ बघायला जायचं आणि अंगाला चोपडलेल्या विषाने तोच मारायचा, हे मला सहन होत नाही. लांब बाह्यांचा सदरा घातलात तर क्रीम निम्मंही लागत नाही.

पायांत काय घालणार, हे आधी ठरवा. फॅशनच्या सपाता वाळूत चालतात, प्रवाळाच्या तुकड्यांवर नाही. घोट्यामागे पट्टा असलेली रबरी चप्पल घ्या. प्रवाळाने कापलेला पाय दमट हवेत लवकर भरत नाही. जिवंत प्रवाळावर मात्र कुठलीही चप्पल घालून उभं राहायचं नाही. तो दगड नाही, जीव आहे.

आता जी गोष्ट कुठल्याच यादीत नसते तिच्याबद्दल. बॅगेत कालनिर्णय ठेवा. फोनमध्ये असेल तर फोनमध्ये, पण तिथी ठाऊक असू द्या. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा आपल्याकडे पाणी चार-पाच मीटर चढतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा चढउतार कमी. इतकं साधं गणित कोळ्याच्या घरातल्या शाळकरी पोरालाही येतं. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही.

त्याची किंमत काय, हे आपल्या किनाऱ्याने पाहिलंय. शिरगाव-केळव्याची वाळू सपाट आहे. ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की माणसं चालत चालत लांबवर जातात. भरती लागली की पाणी फक्त समोरून येत नाही, मागच्या खोलगट भागांतूनही भरतं, आणि परतीची वाट कंबरभर होते. मार्च 2022 मध्ये केळव्याच्या समुद्रात चौघे बुडाले. त्यांत नाशिकहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं होती. सहल नेणाऱ्या प्रत्येकाने मुलांच्या बॅगा तपासण्याआधी तिथी तपासावी, हे माझं मागणं आहे. आणि ते मी पुन्हा पुन्हा मागत राहणार.

पाऊणपटीचं गणित मात्र इथलं. अंदमानात भरतीच्या वेळा वेगळ्या असतात, तिथे बोटवाल्याला विचारायचं. शहीद द्वीपावरची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट बघता येते. वेळ न विचारता गेलात तर लांबूनच पाणी बघून परत यावं लागेल.

अंदमानच्या घड्याळाचंही तसंच. वेळ भारताचीच, पण ती बेटं आपल्या पूर्वेला सुमारे वीस रेखांशांवर. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी फिरतो. थंडीत पाचच्या सुमाराला सूर्यास्त. तेव्हा सकाळी अकराला आरामात निघणाऱ्यांनी सवय बदलावी आणि एक लहान विजेरी जवळ ठेवावी. संध्याकाळच्या वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यांची खाज आठवडाभर जात नाही. त्यासाठी लावायचं मलम आणि पाय झाकणारी पॅन्ट हवी. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी घ्या, ती बोटीत बसण्याआधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

औषधं, ओळखपत्राची मूळ प्रत आणि रोख पैसे हातातल्या पिशवीत. बेटांवर नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नाही आणि मोबाइलवरचं पैसे देणं तिथेच अडतं. पॉवर बँकही हातातल्या पिशवीतच, ती मोठ्या बॅगेत टाकायला विमानात मनाई आहे. आजीने प्रेमाने बांधून दिलेलं सुकं खोबरं घरी ठेवा. त्यातल्या तेलाने ते पेटू शकतं, म्हणून विमानात चालत नाही. लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी कपड्यांआधी परवान्याचं बघावं. तो नसेल तर सगळी तयारी फुकट.

लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर. गोडं पाणी जमिनीखाली पातळ थरात असतं, खाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखं. तिथे तुम्ही रिकामी बाटली टाकलीत तर ती जाणार कुठे? आम्हाला शिरगावात या प्रश्नाचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. सोमवारी सकाळी सुरूच्या झाडांखाली जा. पेपर प्लेटा, गुटख्याच्या पुड्या, बाळांचे लंगोट. आणि वाळूत उभी रुतलेली बाटलीची फुटकी मान. वरून बोटभर दिसते, धार वर. शिरगावचा किल्ला बघून धावत आलेलं पोर, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, कुणाचाही पाय तिच्यावर पडू शकतो. किल्ल्यातलं फांद्या फुटलेलं ताडाचं झाड बघायला लोक कौतुकाने येतात आणि बुरुजाच्या कडेला वेफरची पाकिटं कोंबून जातात. 1739 मध्ये मराठ्यांनी घेतलेला किल्ला आहे हा, कचरापेटी नाही. ज्यांनी हे केलं त्यांची मला शरम वाटते, मग ते मुंबईहून आलेले असोत की पालघरहून.

एक रिकामी, जाड, तोंड बांधता येईल अशी कापडी पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवा. आपला कचरा तिच्यात भरून परत आणायचा. घरची पाण्याची बाटली, स्टीलचा डबा आणि दोन चमचे घेतलेत की कचरा मुळातच थोडा होतो. ज्याला हे ओझं वाटतं त्याने बेटावर जाऊ नये, आणि शिरगावलाही येऊ नये.

येताना शंखशिंपल्यांना हात लावू नका. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, काही शंखांनाही. अंदमानच्या विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. वाळूत पडलेला मेलेला तुकडा होता, मुलीने हौसेने उचलला, ही सबब चालत नाही. सरकारमान्य दुकानातून शिंपल्याची वस्तू घेतलीत तर तिची पावती ओळखपत्राच्याच कप्प्यात ठेवा, तपासणीला ती मागितली जाते.